वस्तीची दमा-पेटी: स्पेसर, मास्क, पीक फ्लो मीटर की वाफेची मशीन?

महिला बचत गट, गणेश मंडळ किंवा शाळा व्यवस्थापन समिती वस्तीतल्या दमेकरी लेकरांसाठी काही घ्यायचं म्हणते, तेव्हा पहिलं नाव निघतं ते नेब्युलायझरचं, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या 'वाफेच्या मशीन'चं. दवाखान्यात तीच पाहिलेली असते, तिनं लेकराला उतार पडलेला असतो, म्हणून तिच्यावर भरवसा बसतो. तरी वस्तीची पहिली खरेदी ती नसावी, असं आमचं ठाम मत आहे. त्याच दीड-दोन हजारांत मास्कसकट तीन-चार स्पेसर, म्हणजे दम्याच्या पंपाला (इनहेलरला) जोडायच्या पोकळ नळ्या, येतात. झटका जीवावर बेतणारा नसेल, तर स्पेसरमधून दिलेला पंप मशीनइतकाच लागू पडतो. मुलांवरच्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, त्यात हेच दिसलं. उलट स्पेसरवाल्या मुलांना दवाखान्यात कमी वेळ थांबावं लागलं आणि त्यांच्या छातीची धडधडही कमी राहिली.

मशीनच्या अडचणी वस्तीत जास्त जाणवतात. तिला वीज लागते आणि एका वेळेला दहाएक मिनिटं जातात. औषधाचा कप आणि नळी प्रत्येक वेळी धुऊन कोरडी करावी लागते, नाहीतर ओलाव्यात जंतू वाढतात आणि पुढच्या वेळी तेच छातीत जातात. मशीन एका घरात असते. रात्री दोनला ज्या घरात लेकराला धाप लागली, त्या घरानं दुसऱ्याचं दार वाजवायचं, मशीन आणायची, वीज आहे का बघायची. स्पेसर मात्र त्या लेकराच्या उशाशी असू शकतो. शहरी आरोग्य केंद्रात मशीन जरूर असावी, गल्लीच्या वर्गणीतून नको.

इथं एका घरापेक्षा गल्लीनं मिळून घ्यायच्या सामानाचा, म्हणजे दमा-पेटीचा, विचार केला आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. हवा खराब असलेल्या शहरांच्या त्याच्या यादीत मराठवाड्यातली छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर ही तीन शहरं आहेत. पण एका शहरातली हवाही सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. जालन्यात लोखंडाच्या कारखान्यांना लागून राहणारं लेकरू, लातुरात दाळ मिलच्या मागच्या गल्लीतलं लेकरू, संभाजीनगरजवळच्या वाळूजला पत्र्याच्या एका खोलीत चुलीजवळच झोपणारं लेकरू आणि त्याच शहरात बंगल्याच्या वरच्या मजल्यावर वाढणारं लेकरू यांच्या छातीत जाणारी हवा वेगळी असते, आणि दमा ओळखला जाण्याची शक्यताही वेगळी असते. ग्लोबल अस्थमा नेटवर्कनं भारतात मुलं आणि त्यांचे पालक यांची पाहणी केली, तेव्हा छातीत घरघर असलेल्यांपैकी ८२ टक्के लोकांना 'हा दमा आहे' असं कुणी सांगितलेलंच नव्हतं. तेव्हा पेटीत काय आहे याइतकंच ती कुणाच्या हाती आहे हेही तपासावं लागतं.

आता एकेक वस्तू.

स्पेसर ही पेटीतली मुख्य वस्तू. पंप थेट तोंडात मारला तर औषधाचा झोत जिभेवर आणि घशावर आदळतो आणि छातीत थोडंच जातं. दाबायचं आणि त्याच क्षणी श्वास ओढायचा, हे मोठ्यांनाही नीट जमत नाही. स्पेसरच्या पोकळीत झोत मंदावतो, मोठे थेंब भिंतीला चिकटतात आणि बारीक थेंब श्वासाबरोबर खाली उतरतात. दुकानात निवडताना पाच गोष्टी पाहा. अंग पारदर्शक हवं, म्हणजे आतला पडदा हलतो का ते दिसतं. मागचं भोक लवचीक रबराचं हवं, म्हणजे कुठल्याही कंपनीचा पंप घट्ट बसतो. तोंडाकडे एकाच दिशेनं उघडणारा पडदा हवा, म्हणजे लेकरानं सोडलेला श्वास औषधात मिसळत नाही. मास्क काढता-घालता आला पाहिजे. आणि अंग स्थिर विजेपासून सुरक्षित, म्हणजे 'अँटिस्टॅटिक' असेल तर उत्तम. साध्या प्लास्टिकला औषध चिकटून वाया जातं. फार मोठे, फुगीर स्पेसर लहान लेकरांसाठी घेऊ नयेत. त्यांचा श्वास छोटा असतो, तेवढी पोकळी त्यांना रिकामी करता येत नाही.

काही स्पेसरना शिट्टी असते. लेकरानं जोरात ओढलं की ती वाजते. बरीच लेकरं शिट्टी वाजवायची म्हणून मुद्दाम जोरात ओढतात, म्हणून पहिल्याच दिवशी सांगावं: शिट्टी वाजली म्हणजे चुकलं.

मास्क साधारण चार वर्षांच्या आतल्या लेकरांना लागतो. पेटीत दोन मापं ठेवा, तान्ह्यासाठी छोटं आणि अंगणवाडीच्या वयासाठी मधलं. नाक आणि तोंड दोन्ही झाकलं गेलं पाहिजे आणि डोळ्यांवर चढता कामा नये. कडक प्लास्टिकचा मास्क गालाला नीट बसत नाही. मऊ सिलिकॉनचा घ्या, थोडा महाग पडला तरी. फट राहिली की औषध बाहेरच्या हवेत जातं आणि माय म्हणते, "दोनदा मारलं, काहीच फरक नाही." लेकरू रडत असताना मास्क दाबून धरण्याची सवय सगळीकडे दिसते. रडताना श्वास सोडणं लांब आणि घेणं तोकडं असतं. त्यामुळे औषध घशात आणि पोटात जातं, छातीत फार कमी. जमत असेल तिथं मांडीवर घेऊन शांत करा. एरवी, बरं असताना, मास्क खेळायला द्या, बाहुलीला लावू द्या. चेहऱ्यापासून लांब धरून 'वारा लागू द्यायचा' हा प्रकार तर पूर्ण वाया जातो. चार वर्षांच्या पुढं लेकरू नळी ओठांत घट्ट धरू शकलं की मास्क बंद करावा, कारण नाकातून गेलेलं बरंच औषध नाकातच अडकतं.

वापरायची पद्धत पेटीच्या झाकणावर आतून चिकटवावी, चित्रांसह, मोठ्या अक्षरांत. पंप हलवायचा. स्पेसरमध्ये बसवायचा. मास्क किंवा नळी लावायची. एकदाच दाबायचा. लेकरानं पाच-सहा साधे श्वास घ्यायचे, तान्ह्यानं थोडे जास्त. पडदा प्रत्येक श्वासाला हलताना दिसला पाहिजे. अर्धा ते एक मिनिट थांबायचं, परत हलवायचा, दुसरा दाब. दोन दाब एकदम मारले तर थेंब एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि पोकळीतच खाली बसतात. दाबून मग मास्क शोधत बसलं तरी तसंच होतं, कारण औषध आत फार सेकंद तरंगत नाही. पंप नवा असेल किंवा आठवडाभर हात लागला नसेल, तर आधी एक-दोनदा हवेत मारून घ्या.

धुण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. स्पेसर महिन्यातून एकदा, सुटे भाग वेगळे करून, कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाकून बुडवायचा. घासायचा नाही. फडक्यानं पुसायचा तर अजिबात नाही, कारण पुसल्यानं स्थिर वीज तयार होते आणि पुढचे कित्येक दाब भिंतीलाच चिकटतात. झटकून रात्रभर सावलीत वाळवायचा. फक्त ओठांना लागणारा भाग आणि मास्क साबण जाईल इतका स्वच्छ करायचा. नव्या स्पेसरचंही असंच: पाकिटावर लगेच वापरायला चालेल असं लिहिलेलं नसेल तर आधी एकदा धुऊन घ्या. आपल्याकडे बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर चढतो आणि पडदा ताठरतो. या एका कामासाठी प्यायचं पाणी वापरा. वर्षभरानं, किंवा पडदा वाकडा झाला, चिकटला, फाटला की आधीच, स्पेसर बदला.

५ पैकी पाच द्यावेत असा हा एकच जिन्नस आहे.

विकत घ्यायला वेळ लागत असेल तर पाण्याच्या ५०० मिलीच्या प्लास्टिक बाटलीचा स्पेसर. याला कुणी जुगाड म्हणून नाक मुरडू नये. केपटाऊनमध्ये दम्याचा झटका आलेल्या मुलांवर याची रीतसर चाचणी झाली, १९९९ मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि नीट बंद केलेली बाटली विकतच्या स्पेसरइतकी चालली. थर्माकोलचा कप मात्र कमी पडला. बाटली कोरडी आणि स्वच्छ हवी. पंपाच्या तोंडाच्या आकाराची तारेची कडी करून ती तापवायची आणि बाटलीच्या बुडाला, बरोबर मध्यभागी, भोक पाडायचं. प्लास्टिक मऊ असतानाच पंपाचं तोंड घुसवायचं, म्हणजे ते घट्ट बसतं. कडेनं चिकटपट्टी किंवा डिंक लावून फट बुजवायची. लेकरानं बाटलीच्या तोंडानं श्वास घ्यायचा. हे काम मोठ्या माणसानं, उघड्यावर, लेकरं लांब ठेवून करावं, कारण जळत्या प्लास्टिकचा धूरच झटका आणू शकतो. कात्रीनं कापलेलं भोक सैल राहतं, तिथून औषध गळतं. चाकूनं कापून पट्टी गुंडाळलेल्या बाटल्या बहुतेक ठिकाणी फसतात त्या याच कारणानं. बाटली आधी लिक्विडच्या पाण्यानं धुऊन वाळवावी, नाहीतर पहिले दहा-पंधरा दाब स्थिर विजेत वाया जातात. पडदा नसल्यानं मास्क लागणाऱ्या तान्ह्यांना ही नीट चालत नाही. मोठ्या लेकरांना चालते. आणि शाळेतल्या पेटीसाठी तिचा एक मोठा फायदा आहे: वापरली की ती त्या लेकराला देऊन टाकायची, दुसऱ्यानं तिला तोंड लावायचं नाही.

पंप कुठला ठेवायचा, यात गफलत जीवावर येऊ शकते. सामाइक पेटीत फक्त धाप लागल्यावरचा पंप, म्हणजे सालब्युटामॉल, एका दाबाला १०० मायक्रोग्रॅम, २०० दाबांचा. रोज घ्यायचा स्टेरॉइडचा पंप ज्या त्या लेकराचा स्वतःचा, घरी. रंगावर विसंबू नका, कंपनीगणिक रंग बदलतो. जाड मार्करनं दोन्हींवर लिहा: 'रोजचा' आणि 'धाप लागल्यावरचा'. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं आहे, म्हणून शहरी आरोग्य केंद्राच्या किंवा सरकारी 'आपला दवाखाना'च्या डॉक्टरांची सही असलेली लेखी सूचना आणि प्रत्येक पालकाची संमती पेटीत हवी. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१४ पासून शाळांना अडीअडचणीचा पंप ठेवण्याची कायद्यानं मुभा आहे. आपल्याकडे सही आणि संमती मिळवायला आठवडा जाईल, तो जाऊ द्या.

किती द्यायचं, हे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदानुसार. पाच वर्षांच्या आतल्या लेकरांसाठी घरच्या पातळीवरचा सर्वसाधारण नियम असा आहे: दोन दाब, एकेक करून, उतार नसेल तर वीस मिनिटांनी परत दोन, अजून वीस मिनिटांनी परत दोन. दोन तासांत सहापेक्षा जास्त दाब लागत असतील तर दवाखाना गाठायचाच. आणि लेकराला वाक्य पुरं बोलता येत नसेल, दूध-पाणी घेता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, ते सुस्त पडलं असेल, फासळ्यांच्या मधली कातडी आत ओढली जात असेल, तर थांबून उतार बघू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत पंप चालू ठेवा. वर्षाच्या आतल्या बाळाला काही तासांत पुन्हा पुन्हा पंप लागत असेल, तरीही हेच.

पंपाची जागा हा मराठवाड्याचा खास प्रश्न. बहुतेक पंपांवर ३० अंशांच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली त्याहून कितीतरी जास्त होतं. दुचाकीच्या डिक्कीत, खिडकीत, पत्र्याला टेकलेल्या फळीवर पंप ठेवू नये. डबा दाबाखाली असतो, तापला की मात्रा बिघडते आणि फारच तापला तर फुटू शकतो. खोलीच्या सगळ्यात गार, सावलीच्या कोपऱ्यात, रांजणाजवळ पण ओलाव्यापासून दूर, हे बरं. संपला की नाही हे पाण्यात तरंगवून पाहायची जुनी रीत भरवशाची नाही. हलवून आवाज ऐकणं त्याहून वाईट, कारण औषध संपल्यावरही आतला वायू खळखळतो. मोजणीचा काटा असलेलाच पंप घ्या. तो नसेल तर अंगावर चिकटपट्टी लावून दाबांच्या रेघा ओढा.

याच रेघांतून वस्तीला एक मोठी गोष्ट कळते. एखाद्या लेकराला धापेचा पंप आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त लागत असेल, तर त्याचा दमा ताब्यात नाही. वर्षात २०० दाबांचे तीन डबे संपले तर मोठ्या झटक्याचा धोका वाढलेला असतो, आणि महिन्याला एक डबा संपत असेल तर जीवाचा. धापेचा पंप श्वासनळी तेवढ्यापुरती सैल करतो, आतली सूज तशीच राहते; सूज उतरते ती रोजच्या स्टेरॉइड पंपानं. म्हणूनच जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून बारा वर्षांवरच्या मुलांना आणि मोठ्यांना नुसता सालब्युटामॉल देणं बंद करायला सांगितलं आहे. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांनाही नुसत्या सालब्युटामॉलवर ठेवायचं नाही, सोबत स्टेरॉइडचा पंप हवाच. "ताई, पंपाची सवय लागंल की लेकराला," ही आज्जीची काळजी खरी असते, तिला हसू नये. तिला सांगावं, की श्वासातून जाणारी मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. मेडिकलवरून वारंवार आणलेल्या गोळीच्या किंवा बाटलीच्या औषधापेक्षा ती कितीतरी कमी असते. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायची, मास्क लावला असेल तर चेहरा पुसायचा, म्हणजे तोंड येत नाही. सालब्युटामॉलचं गोड सिरप पेटीत ठेवू नका: ते उशिरा लागू होतं, हात थरथरतात, छाती धडधडते. आणि मृग लागल्यावर हैदराबादला माशाचं औषध घ्यायला जाणाऱ्यांशी वाद घालत बसण्यापेक्षा एवढंच वदवून घ्यावं, की जाऊन आल्यावर पंप बंद करणार नाही.

पीक फ्लो मीटरबद्दल आमचं मत थोडं अडखळतं. नळीत जोरात फुंकायचं, काटा सरकतो, मिनिटाला किती लिटर ते दिसतं. सहा वर्षांच्या आतल्या लेकराला फुंकणं जमत नाही, तिथं पैसे घालू नका. मोठ्यांचा मीटर ८०० पर्यंत असतो, लहानांसाठी कमी आकड्यांचा वेगळा मिळतो; तोच घ्या, नाहीतर काटा खालच्या चार रेघांतच घुटमळतो. उभं राहून, काटा शून्यावर आणून, छाती भरून श्वास, ओठ घट्ट, एकच जोरदार फुंकर. तीनदा करायचं, सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. जीभ भोकावर येणं, बोट काट्याच्या वाटेत येणं, थुंकल्यासारखं फुंकणं आणि एके दिवशी बसून तर दुसऱ्या दिवशी उभं राहून मोजणं, यामुळे आकडे खोटे येतात. लेकरू बरं असताना दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ मोजून त्याचा स्वतःचा सर्वोत्तम आकडा काढा. समजा तो २२० आला. ८० टक्के म्हणजे १७६ च्या वर हिरवं (ठीक), १७६ ते ११० पिवळं (सावध), ११० च्या खाली लाल (धोका). मीटरच्या बाजूला त्याच मापानं रंगीत पट्ट्या चिकटवा, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या आज्जीलाही कळतं. पण रोज लिहिणारं कुणी असेल तरच हे सगळं. लिहिणारं कुणी नसेल तर पाच मीटर घेण्यापेक्षा दोन स्पेसर आणि एक वही घ्या.

ती वही पेटीतच दोऱ्यानं बांधून ठेवा. तारीख, वेळ, लेकराचं पहिलं नाव आणि गल्ली, किती दाब, वीस मिनिटांनी कसं होतं, कुठं पाठवलं. सहा रकाने पुरे. महिन्यानं उघडली की कोणत्या गल्लीतून जास्त लेकरं येतात ते दिसतं, आणि तिथं काय जळतंय याचा शोध घेता येतो.

पेटी कुणाकडे? मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात ठेवलेली पेटी सुट्टीच्या दिवशी नसल्यातच जमा. कुलूप नको, लहान लेकरांचा हात पोचणार नाही आणि पत्र्याची झळ लागणार नाही अशी फळी हवी. अंगणवाडी सेविकेकडे एक, शाळेत एक, आणि तिसरी आशाताईच्या किंवा बचत गटातल्या अशा बाईच्या घरी, जिचं दार रात्री वाजवायला कुणाला संकोच वाटत नाही. तिघींनी दर तीन महिन्यांनी एकमेकींसमोर स्पेसर वापरून दाखवायचा, कारण शिकलेली रीत तेवढ्यात विसरते. डॉक्टरांनी एकदा दाखवलं म्हणजे झालं, असं नाही.

एक सरकारी दार फारसं कुणी ठोठावत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्यांच्या तपासणीच्या यादीत श्वासनळीची अतिसंवेदनशीलता, म्हणजे बाळदम्याचा प्रकार, आहेच. पण पथक येतं तेव्हा लेकरू नेमकं बरं असतं, छाती स्वच्छ वाजते आणि नाव सुटतं. म्हणून पथकाच्या हाती वही द्यावी. 'तीन महिन्यांत पाच वेळा धाप, रात्री खोकला, पळाल्यावर घरघर' असं लिहिलेलं असेल तर पुढं पाठवायला त्यांनाही आधार मिळतो.

पेटीबाहेरच्या वस्तूंविषयी थोडक्यात. एचईपीए, म्हणजे बारीक कण अडवणाऱ्या गाळणीचं, हवा शुद्ध करणारं यंत्र पत्र्याच्या, फटी असलेल्या खोलीत व्यर्थ. धुळीतले बारीक किडे अडवणारी गादीची महागडी खोळ एकट्यानं फारसं काही साधत नाही. वाकळ आणि उशी कडक उन्हात टाकणं आणि चादर ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात धुणं जास्त कामाचं. वाकळ झटकायची ती लेकरू घराबाहेर लांब असताना. डासांची कॉइल मात्र आजच बंद: एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघतात, असं २००३ मधल्या मोजणीत दिसलं. बंद खोलीत ती रात्रभर जळते. मच्छरदाणीचे पैसे बचत गटानं घातले तर ते पेटीतल्या अर्ध्या सामानापेक्षा मोलाचे. पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या जळत असतील तर चूल दाराबाहेर, छपराखाली न्या. गॅस असूनही सिलिंडर परवडत नाही म्हणून चूल पेटत असेल तर तिथं उपदेश उपयोगाचा नाही, सिलिंडरची भिशी उपयोगाची.

झुरळांकडे आपण दम्याच्या नजरेनं पाहतच नाही. अमेरिकेतल्या शहरांच्या गरीब भागातल्या मुलांवर १९९७ मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना झुरळांची ॲलर्जी होती आणि ज्यांच्या खोलीत झुरळांचा अंश भरपूर होता, अशा मुलांना इतरांच्या तिप्पटीहून जास्त वेळा दवाखान्यात भरती व्हावं लागलं. फवारा मारू नका, तो स्वतःच धाप आणतो. जेलचे तांदळाच्या दाण्याएवढे ठिपके सिलिंडरच्या मागं, ओट्याखाली, मोरीच्या सांध्यात लावा. उष्टं आणि पाणी रात्री झाका. एकाच घरानं केलं तर झुरळं भिंतीपलीकडून परत येतात. ओळीतल्या सगळ्या खोल्यांनी एकाच आठवड्यात करायचं. अमेरिकेतलं सिएटल शहर ज्यात येतं त्या किंग काउंटीत वस्तीतल्याच आरोग्यसेविका घरोघरी गेल्या. ज्या घरांत सात भेटी झाल्या तिथं एकाच भेटीपेक्षा जास्त फरक पडला, तातडीनं दवाखाना गाठायची वेळ कमी आली. त्यामुळे भेटींचं वेळापत्रक आखताना एका भेटीवर समाधान मानू नये.

गाजर गवत शाळेच्या कुंपणाला असेल तर फुलायच्या आधी, पावसानंतर जमीन ओली असताना, मुळासकट, हातमोजे घालून उपटावं. श्रमदानाच्या नावाखाली दमेकरी लेकरांना या कामाला लावू नये.

हवेतले कण मोजणारा छोटा मीटर पेटीत नको, पण वॉर्डासाठी महिनाभर मागून आणावा. पावसाळ्यात आणि धुक्यात तो आकडे फुगवून दाखवतो, म्हणून हिवाळ्यातल्या कोरड्या दिवसांत, तोच मीटर तीन ठिकाणी फिरवून तुलना करावी. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या 'समीर' ॲपवर जवळच्या केंद्राचा आकडा दिसत असेल तर तो शेजारी लिहावा. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९८८ साली उभी राहिलेली वी ॲक्ट ही संघटना डिझेल बस डेपोंविरुद्ध लढली. कोलंबिया विद्यापीठाच्या मदतीनं तिथल्या लोकांनी फुटपाथवरची हवा मोजली होती. महापालिकेत निवेदन देताना पेटीतली वही आणि हे आकडे एकत्र ठेवले, की कचरा जाळण्याची जागा हलवायला सांगणं सोपं जातं.

शेवटी पेटी भरण्याचं वेळापत्रक. खप सगळ्यात जास्त होतो तो पहिल्या पावसात, दिवाळीच्या फटाक्यांत आणि थंडी सुरू होताना. मे आणि सप्टेंबरच्या अखेरीला डबे मोजा. बीड, माजलगाव, केजसारख्या शहरांच्या कडेच्या वस्त्यांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचा हिशेब वेगळा धरावा लागतो. रोजचा पंप सकाळ-संध्याकाळ एकेक दाब असेल तर २०० दाब १०० दिवस पुरतात, म्हणजे पाच-सहा महिन्यांच्या फडासाठी लेकरासोबत दोन डबे, धापेचा एक, धुऊन वाळवलेला स्पेसर आणि डॉक्टरांच्या कागदाची प्लास्टिकमध्ये घातलेली प्रत हवी. हे सामान कोयत्याच्या टोळीची गाडी भरायच्या आदल्या आठवड्यात पोचवा. गाडी हलली, की मार्चपर्यंत त्या लेकराची गाठ पडत नाही.